नऊ महिने नऊ दिवस, पण कुठून?

दुसऱ्याने सांगितलेली तारीख पार्बताबाईला पटत नाही. भटजीने काढलेला मुहूर्त असो नाही तर लाईट जाणार म्हणून वीजवाल्यांनी कळवलेला दिवस असो, ती आधी स्वतःच्या बोटांवर मोजणार आणि मगच मान हलवणार, तीही बहुतेक वेळा आडवी. या ताठ्याला कारण होतं. बडनेऱ्याजवळच्या आपल्या वावरात ती वीसेक वर्षांपासून झेंडू लावते, आणि तिचा झेंडू दसऱ्याला म्हणजे दसऱ्यालाच फुलतो. शेजाऱ्यांचा कधी ऐन पितृपक्षात फुलून बसतो, तेव्हा त्याला कुत्रं विचारत नाही. कधी सोनं वाटून झाल्यावर डोळे उघडतो. पार्बताबाईच्या बाबतीत असं आजवर झालं नाही. अमरावतीच्या फूल मार्केटात लोक तिला विचारून आपली लागवड ठरवतात. आता अशा बाईला वाटणारच ना, की मोजावं तर आपणच!

म्हणून सून रागिणीला दिवस गेले तेव्हा बाळंतपणाची तारीख काढायचं काम पार्बताबाईने कुणी न सांगताच अंगावर घेतलं.

हे दिवस जाणं सहजासहजी झालेलं नव्हतं. मुलगा शुभम याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. शेवटी अकोल्याच्या एका दवाखान्यात उपचार सुरू केले. अकोला अशासाठी की ते रागिणीचं माहेर, आणि दुसरं म्हणजे अमरावतीत असल्या दवाखान्याची पायरी चढली की माणूस घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचते. पहिल्या खेपेला गर्भ ठेवला, तो टिकला नाही. रागिणी महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. दुसऱ्या खेपेला राखून ठेवलेला, पाच दिवस वाढवलेला गर्भ ठेवला, तो दिवस होता पुत्रदा एकादशीचा. पार्बताबाई निर्जळी उपास धरून बाहेरच्या बाकावर बसली होती. आतून सोडल्यावर ती रागिणीच्या खाटेशी गेली, तर पोरीने तिचा हात जो धरला तो सोडेचना.

रागिणीची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. रागिणी म्हणाली, "आई, टिकलं नं हे, तं बाळ होईन तवाबी अशाच जवळ राहजा. मले दुसरं कोनी नाई पायजे."

"राहीन ना वं! मी कुठी पळून जाऊन राहिली?" पार्बताबाई म्हणाली. तोंडाने फटकळ बोलली, पण आतून ती विरघळली होती. सात वर्षांत सुनेने तिच्याकडे साडीसुद्धा मागितली नव्हती. मागितलं ते हे एवढंच.

टिकलं. दोन आठवड्यांनी रक्ताच्या तपासणीत कळलं आणि पार्बताबाई कॅलेंडरासमोर उभी राहिली. नऊ महिने नऊ दिवस हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि इतर बायांना आपला दिवस अंदाजाने धरावा लागतो, इथे तर चक्क एकादशी हाताशी होती. बोटं सरसर चालली. एकादशीपासून नऊ महिने, वर नऊ दिवस. बाळ दिवाळीच्या तोंडावर येत होतं.

"यंदा दिवाळीचा झेंडू लावाचा नाई," तिने तिथल्या तिथे जाहीर केलं. "दसऱ्याचा माल विकला का मी चालली अकोल्याले. दिवाळी बंद."

दिवाळीचा झेंडू सोडणं म्हणजे त्यांच्या घरात मोठीच गोष्ट होती. पार्बताबाईला स्वतःच्या त्यागाचं फार कौतुक वाटलं आणि ते तिने पुढचे सहा महिने येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

जुलैत रागिणीचे वडील भगवंतराव अकोल्याहून आले, पेढे घेऊन. हे गृहस्थ एस.टी.तून कंट्रोलर म्हणून रिटायर झाले होते. गाडी वेळेवर येणार नाही हे शांतपणे सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि पार्बताबाईला नेमकं तेच सोसत नाही. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. सातवा महिना लागला आहे, या आठवड्यात डोहाळेजेवण उरकून घेऊ आणि रागिणीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी नेऊ.

"सातवा कुठी लागला, इवाई?" पार्बताबाई म्हणाली. "अजून पंधरा-वीस दिवस हायेत."

"डॉक्टरीनबाईनं अठ्ठावीस सप्टेंबर तारीख देल्ली हाये, विहीनबाई. त्या हिशोबानं लागला."

अठ्ठावीस सप्टेंबर! दसरा त्यानंतर चारच दिवसांनी होता. पार्बताबाईने बशी खाली ठेवली.

"असं कसं? नऊ महिने नऊ दिवस धरा ना एकादशीपासून. दिवाळीवर जाते! डॉक्टर लोकाले काय, घाई! तीन हप्ते आंधीची तारीख द्याची, अन् ते तारीख टळली म्हनून पोरीचं पोट फाडाचं. मले माहीत नाई का?"

"आई, तसं नाई हो," रागिणी म्हणाली आणि तिने सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

डॉक्टरीणबाई समजुतीच्या होत्या. त्यांनी सावकाश सांगितलं, की मावशी, जगातल्या सगळ्या बायकांचे महिने शेवटच्या पाळीपासून मोजतात. तुमचे नऊ महिने नऊ दिवससुद्धा तिथूनच मोजलेले असतात. गर्भ धरतो तो त्यानंतर दोन आठवड्यांनी. रागिणीचा तर पाच दिवस आमच्याकडे वाढला आणि मग आत ठेवला. ते दोन आठवडे आणि हे पाच दिवस, दोन्ही हिशोबात धरायचे.

"म्हंजे एकादशीच्या आंधीच तिले अडीच-तीन हप्ते झालते?"

"हिशोबापुरते, हो."

"तवा त तिच्या पोटात कायबी नोतं! कोरं पोट होतं! जे नोतंच ते मोजाचं कसं?"

पलीकडून हसू ऐकू आलं. पार्बताबाईने हाताने खूण करून फोन बंद करायला लावला. असले फुकटचे दिवस मी घेत नसते, असं तिने सांगून टाकलं. भगवंतरावांनी दुसरा पेढा उचलला, आणि त्या दिवशी पार्बताबाईला त्यांचा सगळ्यात जास्त राग आला तो या पेढ्यामुळे.

खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केटात पार्बताबाई नाही, असं कधी घडलं नव्हतं. शुभम कष्टाळू, पण भिडेचा. व्यापाऱ्याने दादा म्हटलं की याचा हात सैल पडतो. वर्षाची सगळी मेहनत त्या एका दिवसावर, आणि डॉक्टरीणबाईंची तारीख खरी असेल तर रागिणी नेमकी तेव्हाच अकोल्याला अडलेली असणार. दोन्हीकडे तर पुरं पडता येत नाही. म्हणून मग डॉक्टरीणबाईंची तारीख खोटी असणंच पार्बताबाईला सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी नर्सरीची गाडी झेंडूची रोपं घेऊन आली. भगवंतराव मुक्कामालाच होते. रागिणी बाजेवर पाय पसरून बसली होती. गाडीवाला ट्रे उतरवायला लागला, तसा पार्बताबाईने नेहमीचा सवाल टाकला, "किती दिसाचं रोप हाये?"

"बावीस दिसाचं, काकू."

"बावीस म्हनजे बावीस ना? मांगच्या साली शेजाऱ्याले तिसाचं देल्लं अन् इसाचं सांगतलं. त्याचा झेंडू आंधीच फुलून गेला." आणि ती बोटांवर लागली. बावीस हे, अधिक इथून पुढचे, म्हणजे दसऱ्याला बरोबर.

"आई," रागिणीने बाजेवरून हाक मारली. तिच्या चेहऱ्यावर अगदी गरीब भाव होता. "ते बावीस दिवस काहून मोजून राहिल्या तुमी? तवा त रोप तुमच्या वावरात नोतं. वावर कोरं होतं."

पार्बताबाईचं बोट तिसऱ्या पेरावर थांबलं. गाडीवाला थांबला. भगवंतरावांनी पेपर नाकापर्यंत वर घेतला, पण त्यांचं पोट हलताना सगळ्यांना दिसलं.

"ते येगळं," पार्बताबाई म्हणाली.

"कसं काय?"

"येगळं म्हनलं ना एकदा! रोप म्हंजे काय पोट्टं हाये?"

मग ती जी वावरात गेली ती दुपारपर्यंत घरी फिरकली नाही. रोपं लावता लावता तिने पुन्हा मोजलं, या वेळी एकादशीच्या मागे जाऊन. बियापासूनचा हिशोब आपण लावणीपासून धरला होता. नर्सरीवाल्या पोरानेही केली नसती अशी चूक! आणि वर सहा महिने गावभर सांगत फिरलो की दिवाळी सोडली म्हणून. सोडायचा होता तो दसरा, आणि आपण सोडून बसलो दिवाळी. तिला स्वतःचंच हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं, कारण आता रोपं जमिनीत गेलेली होती आणि दसरा काही पुढे सरकणार नव्हता.

घरी येऊन चूक कबूल करायची तिची रीत नाही. तिने हातपाय धुतले आणि शुभमला म्हटलं, "यंदा दसऱ्याले मार्केटात तू बसजो. कोनी दादा म्हनलं तं त्याच्याकडे पाहू नको." मग भगवंतरावांकडे न बघता पुढे म्हणाली, "डोहाळेजेवन गुरवारी ठेवा."

डोहाळेजेवण दणक्यात झालं. रागिणी अकोल्याला गेली, आणि सप्टेंबर कलायला लागला तशी पार्बताबाईही दोन पिशव्या, मेथीच्या लाडवांचा डबा आणि जुन्या सुती लुगड्याच्या धडप्यांचं गाठोडं घेऊन व्याह्याच्या घरी दाखल झाली.

अठ्ठावीस तारीख उजाडली. पार्बताबाई पहाटे आंघोळ करून तयार होती. भगवंतरावांनी स्कूटर पुसून ठेवली होती. रागिणीने पोहे खाल्ले, झोप काढली, संध्याकाळी पाणीपुरी मागितली. अठ्ठावीस तारीख मावळली.

एकोणतीसही तशीच गेली.

"तारीख म्हंजे टायमटेबल, विहीनबाई," भगवंतराव म्हणाले. "भिंतीवर लावाले बरं असते. गाडी तिच्या मनानं येते."

"मंग एवढ्या वर्षं माइकवर काय बोंबलत होते तुमी?"

"हेच. का गाडी येऊन राहिली, थांबा."

तीस तारखेला दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान आहे, बाळाचे ठोके उत्तम, अजून कळांचं काही चिन्ह नाही. शनिवारपर्यंत वाट पाहू, नाही तर मग ऍडमिट करू.

"मंग तारीख देल्ली कायले?" पार्बताबाईने विचारलंच.

"अंदाज असतो, मावशी. आम्हाला गर्भ ठेवल्याचा दिवस माहीत असतो म्हणून आमचा अंदाज जरा बरा. पण बाळाला तो कळवायची सोय नाही."

हे उत्तर पार्बताबाईला मनापासून आवडलं. पण त्याने चैन पडेना. परवा दसरा. संध्याकाळी शुभमचा व्हिडिओ कॉल आला. मागे क्रेटवर क्रेट, केशरी रंगाने सगळी स्क्रीन भरलेली, आणि मधोमध शुभमचा रडवेला चेहरा. माल असा फुलला होता की गेल्या दहा वर्षांत फुलला नव्हता. तोडायला माणसं कमी पडत होती. अंबादेवीच्या रस्त्यावरचे दुकानदार शेतावरच येऊन बसले होते आणि प्रत्येक जण त्याला दादा म्हणत होता.

"आई, जा तुमी," रागिणी म्हणाली. "डॉक्टरीनबाईनं शनिवार सांगतला ना? उद्या सकाळच्या गाडीनं जा, दसरा करा, परवा संध्याकाळी वापस या. माहं काई चालू नाई झालं अजून."

पार्बताबाईने तोंडाने नाही म्हटलं, पण रात्री पिशवी भरून ठेवली.

सकाळी निघताना रागिणी खूप हसली. शुभमची नक्कल केली, व्यापाऱ्यांना कसं झापायचं ते सासूलाच शिकवलं, दारातूनच हात हलवला. भगवंतरावांनी पार्बताबाईला स्टेशनवर सोडलं आणि ते भाजी घ्यायला पुढे गेले. फलाटावर गर्दी होती. खंडेनवमीचा दिवस, जो तो घरी निघालेला. गाडीची घोषणा झाली. दीडेक तासात बडनेरा, तिथून मार्केट. पार्बताबाईने मनातल्या मनात पहिल्या व्यापाऱ्याशी भांडणसुद्धा सुरू केलं.

भांडता भांडता तिला काहीतरी टोचायला लागलं. रागिणीने आज नमस्कार केला नव्हता. पोट कितीही वाढलेलं असलं तरी ती फाटकापर्यंत यायची, वाकता येत नाही म्हणून गुडघ्याला तरी हात लावायची. आज दारातच थांबली. आणि हसत होती खरी, पण एक हात सारखा चौकटीला धरलेला होता. मध्येच एकदा बोलता बोलता थांबली, डोळे मिटले, आणि मग आणखी मोठ्याने हसली.

गाडी आली. लोक चढले. एक बाई म्हणाली, "चढा ना मावशी, जागा हाये." पार्बताबाईने पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन थबकली. तिला वाटलं, आपण पहिल्यापासून कशासाठी मोजतोय? नेमकं वेळेवर पोहोचता यावं, त्याच्या आधीचा एक दिवससुद्धा वाया जाऊ नये, म्हणून. पण पोरीने काही वेळेवर या म्हटलं नव्हतं. तिने म्हटलं होतं, जवळ राहा.

"जा तुमी, बाई," ती म्हणाली आणि मागे सरली. गाडी हलली, तोवर पार्बताबाई जिन्याच्या पायऱ्या चढत होती.

ऑटोवाल्याला तिने वाटेत एवढं टोचलं की त्याने शेवटी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. दार लोटून ती आत शिरली. रागिणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही हात टेकून वाकून उभी होती. कपाळावर घामाचे थेंब. सासूला बघून तिने आधी सरळ व्हायचा प्रयत्न केला, आणि मग तो सोडून दिला.

"कवापासून?" पार्बताबाईने विचारलं.

"पहाटेपासून."

"अन् सांगतलं काहून नाई वं मले?"

"तुमी कवाच दसरा सोडला नाई, आई. तुमी दिवाळी तं सोडलीच होती माह्यासाठी..." पुढचं कळेत बुडालं. तिने सासूचा दंड घट्ट धरला.

पार्बताबाई रागिणीची पाठ चोळत राहिली, आणि कळ ओसरल्यावर एवढंच म्हणाली, "दसरा दरसाली येते, पोरी."

तेवढ्यात भगवंतराव भाजीची पिशवी घेऊन आले. चाळीस वर्षं बस स्टँडवर शांतपणे घोषणा करणारा हा माणूस अंगणात तीनदा गोल फिरला, स्कूटरची किल्ली मेथीच्या जुडीत ठेवून ती घरभर शोधली, आणि शेवटी पार्बताबाईने दाराशी थांबवून ठेवलेल्या ऑटोनेच सगळे दवाखान्यात पोहोचले. दाराशी सिस्टरने विचारलं, पेशंटसोबत आत कोण थांबणार? पार्बताबाई सरळ आत गेली. चप्पल काढा म्हणून सिस्टरला मागे धावावं लागलं.

दुपारभर रागिणीने तिचा हात पिळला. पार्बताबाई तिला धीर देत होती, मध्येच दरडावत होती, मध्येच अंबादेवीला दरडावत होती. डॉक्टरीणबाईंना तिने दोनदा विचारलं, अजून किती वेळ, आणि दोन्ही वेळा स्वतःच म्हणाली, "असू द्या, सांगू नका."

दिवेलागणीला मुलगी झाली. धडधाकट, डोक्यावर भरपूर जावळ, आणि आवाज असा की बाहेर भगवंतरावांना सिस्टरने सांगायच्या आधीच कळलं. पार्बताबाईने शुभमला फोन लावला. त्याने मार्केटात, फुलांच्या ढिगावरच रडायला सुरुवात केली. समोरच्या व्यापाऱ्याला वाटलं, हा भावासाठी रडून राहिला, आणि त्याने घाईघाईने भाव वाढवून दिला. शुभमने आयुष्यात केलेला हा पहिला चोख सौदा.

सगळी आवराआवर झाल्यावर खोलीत तिघीच उरल्या. मुलगी लुगड्याच्या मऊ धडप्यात गुंडाळलेली, आजीच्या मांडीवर. पार्बताबाईला ती सारखी कुणासारखी तरी दिसत होती, आणि दर वेळी कुणीतरी वेगळंच असायचं. रागिणीचे डोळे मिटत होते. तिने चाचपडत सासूचा हात शोधला. तो सुजलेला होता.

"आई," ती झोपेतच पुटपुटली, "माह्यापायी तुमची गाडी चुकली ना?"

"चुकली नाई वं," पार्बताबाई म्हणाली. "सोडली."